घंटेचं वाक्य

दर रविवारी सकाळी मी बातम्यांवर बोलायचे. चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दहा-बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग टाकायचे. कुणी सांगितलं म्हणून नाही. माझी नोकरी अंबत्तूरला, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायची. समोर माणूस आला तर गाडीनं आपण होऊन थांबायला हवं. ती थांबते का, ते मी बघते. दिवसभर इंग्रजी आणि मोडकंतोडकं तमीळ बोलून जीभ आंबायची. आठवड्यातून एकदा तरी सलग मराठी बोलावं, एवढाच सुरुवातीचा हेतू.

विषयाचं बंधन नव्हतं. श्रीहरिकोट्याहून उडालेलं रॉकेट अण्णा नगरच्या आमच्या गच्चीवरून ठिणगीएवढं दिसतं, तर त्या ठिणगीत काय काय जळत असतं ते सांगायचे. कुठल्याशा देवळानं खरा हत्ती सोडून यंत्राचा हत्ती आणला, ती बातमी मला फार आवडली होती. साखळदंडात उन्हात उभ्या राहणाऱ्या जिवापेक्षा मोटारीवर कान हलवणारा हत्ती देवालाही परवडेल, असं मी म्हटलं. पत्रिका सांगणाऱ्या ॲपला मी माझी आणि नवऱ्याची जन्मवेळ उलटसुलट घालून दिली, तरी त्यानं छत्तीसपैकी भरघोस गुण दिले, तेही सांगितलं. आमच्या इमारतीच्या फाटकावर चेहरे ओळखणारा कॅमेरा बसला, त्याच्याबद्दल मात्र वाईट बोलले. कोण कुणाकडे किती वाजता आलं, हे फाटकाला कळायचं काय कारण?

पहिली श्रोती माझी सासू. तिला मी अम्मा म्हणते. नवऱ्याचं घराणं तंजावरकडचं, कितीतरी पिढ्या तमीळ मुलखात राहिलेलं. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर हलणारी. मी नाशिकची. लग्नानंतर पहिलं वर्षभर आम्ही दोघी एकमेकींच्या मराठीला आतल्या आत हसत होतो. पण बातम्या ऐकताना अम्मा फुलं ओवायची थांबायची आणि शेवटी म्हणायची, "सरि. आज बरें बोललीस."

मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे. मोटारीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायचे. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा बुशशर्ट आणि आवाज असा, की माईक नसला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. त्यांनी एकदा ग्रुपवर मजकूर टाकला की देवघरातल्या घंटेच्या नादानं घरातले सगळे जंतू मरतात, असं परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. खाली शंभरेक नमस्कार पडले. त्या रविवारी मी त्यावर बोलले. त्यांचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की घंटेनं जंतू मेले असते तर पुजाऱ्यांना कधी सर्दी झाली नसती. घंटेचा आवाज कानाला गोड लागतो, मन एका जागी येतं, तेवढं पुरे नाही का? तिला डॉक्टरची पदवी कशाला चिकटवायची?

लोक हसले. हसण्याच्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. सरांनी अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला.

"छान बोलता तुम्ही. फक्त आता ऐकणारे वाढलेत. यापुढं ग्रुपवर टाकण्याआधी मला पाठवत चला. मी नजरेखालून घालीन. म्हणजे वाद नकोत."

मी बरं म्हटलं. वडीलधारा माणूस, आपल्या भल्याचंच सांगत असेल, असं वाटलं. त्या भाबडेपणाचा मला आजही संताप येतो.

मग नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात दोन बातम्या आल्या. एका गावात काही ख्रिस्ती कुटुंबं एका घरात प्रार्थनेला जमत होती. गावातल्या लोकांनी दारात उभं राहून ती बंद पाडली. आणि दुसऱ्या एका देशात, जिथं हिंदू मूठभर आहेत, तिथं त्यांच्या सणाचा मांडव मोडला. मला दोन्ही बातम्या एकच वाटल्या. आमच्या खालच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. रविवारी संध्याकाळी ते प्रार्थना म्हणतात, आणि त्यातली एक चाल अम्मा गजरा ओवताना नकळत गुणगुणते. ते दार कुणी अडवलेलं मला चाललं नसतं. म्हणून मी बोलले, "आज ते दुसऱ्याच्या दारात उभे आहेत. उद्या कुणी तुमच्या दारात येऊन म्हणेल, घरात देव ठेवायचा नाही, घंटा वाजवायची नाही, तेव्हा तुम्ही काय कराल? कुणाकडे दाद मागाल?"

रेकॉर्डिंग सरांना पाठवलं. तासाभरात त्यांचा मेसेज आला, "बाकी ठीक. घंटेचं वाक्य काढा. लोकांना लागेल."

मला पटलं नव्हतं, पण कुकर लावायचा होता, वाद घालायचा कंटाळा आला. ते वाक्य गाळून मी पुन्हा बोलले आणि ग्रुपवर टाकलं.

दोन दिवसांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये पुण्याकडची एक मैत्रीण माझ्यासमोर येऊन बसली आणि फोन पुढे केला. "ही तूच ना गं?"

माझाच आवाज. सात-आठ शब्द. "घरात देव ठेवायचा नाही, घंटा वाजवायची नाही." त्यावर लाल अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं, 'मराठी मंडळातल्या विदुषींचा हिंदूंना आदेश.'

संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे गेलं. मंडळात, नवऱ्याच्या नातेवाइकांत, नाशिकला माझ्या काकांपर्यंत. ज्यांनी माझी प्रत्येक गोष्ट ऐकली होती त्यांनीही विचारलं नाही, की बाई, याच्या पुढंमागं काही होतं का? आणि मंडळाच्या ग्रुपवर सरांनी लिहिलं, "अत्यंत दुःखद. अभिव्यक्तीलाही मर्यादा असते. बाईंनी खुलासा करावा."

तो मजकूर वाचताना मला एकदम आठवलं. हे वाक्य मी ग्रुपवर टाकलंच नव्हतं. जगात ते फक्त एका माणसाकडे होतं.

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. इतका स्वच्छ, थंड राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

नवरा म्हणाला, "आत्ताच्या आत्ता टाक ना ग्रुपवर. त्यांना पाठवलेलं रेकॉर्डिंग, त्यांचा मेसेज, सगळं. विषय संपेल."

"विषय संपेल," मी म्हटलं, "पण माणूस सुटेल. म्हणतील चुकून गेलं, म्हणतील कुणीतरी फोन घेतला होता. चार लोक वाचतील, बाकीचे पुढचा विनोद वाचायला जातील."

"मग काय करणार आहेस?"

ते मलाही अजून कळलं नव्हतं. एवढंच कळत होतं की हे घाईनं करायचं नाही.

नवरात्रात इथं घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यांवर बाहुल्या, देव, वाणी-वाणीण, आणि संध्याकाळी बायका एकमेकींकडे जातात. नवऱ्याच्या एका चुलत आत्याकडे दर वर्षी आम्ही जातो. त्याही वर्षी गेलो. गाणी झाली, हरभऱ्याचं सुंडल खाऊन झालं. आत्या तांबूल द्यायला उठली. विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, नारळ. एकेकीला कुंकू लावत ती ओळीनं येत होती. अम्माला दिलं. मग माझ्यासमोरून, जणू तिथं भिंतच होती अशी, पुढच्या बाईकडे गेली.

माझे हात ओंजळ करून पुढे आलेले होते. ते मी मांडीवर ठेवले.

अम्मा उठली. हातातला तांबूल तिनं कोलूच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला, आत्यानं दिलेला, जसाच्या तसा. "माझ्या सुनेला नाहीं, तर मलाही नको," म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं आणि चपला घालायलाही न थांबता मला जिन्यापर्यंत आणलं. चपला मग नवऱ्यानं आणल्या.

ऑटोत मी रडले. अम्मानं थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "पोदुम गे. रडणें पुरे. तें कोणीं केलें, तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग त्याला सोडूं नको."

तिच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मुंगी मारताना जीव कासावीस होणारी बाई. मला आतून बळ आलं.

पुढचे काही आठवडे मी गप्प राहिले. ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. रविवारच्या बातम्या बंद. लोकांना वाटलं, बाई लाजली. सरांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांचे मजकूर लांब होत गेले. समाज, संस्कार, नव्या तंत्रज्ञानाचा विळखा, असं काय काय ते लिहीत राहिले. मी प्रत्येक शब्द वाचायचे. वाचून जिभेवर खडीसाखर ठेवावी तसा तो राग चघळायचे. कामावर आमच्याकडे माणसाच्या आकाराचा एक मऊ पुतळा आहे. तो गाडीपुढं आडवा सरकवतात आणि गाडी थांबते का ते बघतात. त्या दिवसांत मी त्या पुतळ्याला मनातल्या मनात कडक इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता. गाडी दर वेळी थांबायची. आमचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. मला दर वेळी थोडं वाईट वाटायचं.

मग त्यांचाच फोन आला. आवाज अगदी मधाळ.

"दिवाळीचा मेळावा आहे एग्मोरच्या हॉलमध्ये. मला वाटतं, तुम्ही या. स्टेजवर दोन शब्दांत दिलगिरी व्यक्त करा. मी शेजारी उभा राहीन, सांभाळून घेईन. शेवटी तुम्ही आमच्या मुलीसारख्या आहात."

मला कळलं, मी याचीच वाट बघत होते.

"येते सर," मी म्हटलं. "दिलगिरीच्या आधी मी माझं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लोकांना ऐकवलं तर चालेल? म्हणजे माझं काय चुकलं, ते त्यांना नीट कळेल."

त्यांनी जरा विचार केला. ग्रुपवर टाकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांना अडचणीचं काही नव्हतं. "हो हो, जरूर."

रविवार सकाळ. हॉल भरलेला. मागे फराळाची पाकिटं रचून ठेवली होती, पुढे मुलांच्या स्पर्धांचे फोटो दाखवायला पडदा लावला होता. मी अम्माची जांभळी कांजीवरम नेसले होते. ती तिनं स्वतः काढून दिली होती. तांबूल न देणारी आत्या तिसऱ्या रांगेत होती. अम्मा पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसली. ती जागा पाहुण्यांसाठी राखलेली आहे, असं कुणीतरी तिला सांगितलं. तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

सरांनी माझी ओळख करून दिली. "चूक माणसाकडूनच होते," म्हणाले. "आणि ती कबूल करायला मोठं मन लागतं. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या अंगावर शिंतोड्यांसारख्या उडाल्या.

नवऱ्यानं माझा फोन स्पीकरला आणि पडद्याला जोडला. आधी मी ती फिरवली गेलेली सात-आठ शब्दांची फीत वाजवली. हॉलमध्ये चुळबुळ झाली. मग ग्रुपवर टाकलेलं माझं पूर्ण बोलणं. दहा मिनिटं लोक ऐकत होते. यंत्राचा हत्ती नव्हता त्यात, रॉकेट नव्हतं. फक्त एक दार आणि एक मांडव. पहिल्यांदाच इतक्या लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

संपल्यावर मी विचारलं, "यात घंटेचं वाक्य कुठं होतं?"

मागून एक बाई म्हणाल्या, "नव्हतंच की."

"मग ते आलं कुठून? सर, तुम्हाला काय वाटतं?"

मी माईक त्यांच्या हातात दिला. हे मी ठरवून केलं होतं. त्यांना बोलायला आवडतं. बोलू दिलं, की ते कितीही लांब जातात.

सर चमकले, पण क्षणभरच. मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे हे एआय! यंत्रानं तुमचा आवाज बनवला! बघा मंडळी, किती भयंकर काळ आलाय. कुणीतरी बाहेरचा माणूस, आपल्या समाजात फूट पाडायला बसलेला. आपण उगाच बाईंवर संशय घेतला. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, खात्री केल्याशिवाय…"

"तुमची खात्री आहे सर? हे यंत्राचं काम?"

"शंभर टक्के! मोटारीच्या कारखान्यात हयात गेली माझी. यंत्रं मला कळतात."

"म्हणजे हे शब्द मी कधी बोललेच नाही."

"कधीच नाही! मी शपथेवर सांगतो."

मी माईक परत घेतला. "मी बोलले होते सर. तुम्हाला पाठवलं होतं."

आणि पडद्यावर त्यांचा-माझा संवाद लावला. वर त्यांचा हसरा फोटो. खाली माझं पहिलं रेकॉर्डिंग. त्याच्या खाली त्यांची ओळ, हाताएवढ्या अक्षरांत: 'बाकी ठीक. घंटेचं वाक्य काढा. लोकांना लागेल.'

रेकॉर्डिंगमधला तेवढाच भाग मी वाजवला. "उद्या कुणी तुमच्या दारात येऊन म्हणेल, घरात देव ठेवायचा नाही, घंटा वाजवायची नाही, तेव्हा तुम्ही काय कराल?" मग लगेच कापलेला तुकडा. मग पुन्हा पूर्ण वाक्य. तोच चढउतार, मागं तोच आमच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याचा खरखराट. समजावून सांगायला काही उरलंच नाही.

"हे मी एकाच माणसाला पाठवलं होतं," मी म्हटलं.

सर पडद्याकडे बघत होते. त्यांनी त्यांच्या फोनमधून ते पुसून टाकलं असणार, आणि पुसलं म्हणजे संपलं असं वाटलं असणार. माझ्या फोनमध्ये ते होतंच. त्यांचा तो आवाज, शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा, आता पहिल्या रांगेलाही जेमतेम गेला.

"मी फक्त… जरा छोटं केलं होतं. लोक एवढं मोठं ऐकत नाहीत."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. ते हसू हॉलभर पसरत गेलं आणि मी ते अडवलं नाही. मी मुद्दाम थांबले. त्यांच्या कपाळावरचा घाम, कॉलरशी गेलेला हात, स्टेजच्या पायऱ्या शोधणारे डोळे, सगळं सावकाश बघून घेतलं. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, आली नाही.

"दिलगिरी राहिली," मी म्हटलं. "ती कुणी व्यक्त करायची ते तुम्ही ठरवा." आणि खाली येऊन अम्माशेजारी बसले. अम्मानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून फक्त माझ्या हातात दिली.

त्याच आठवड्यात प्रकृतीच्या कारणानं त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मला फोन आला तो त्यानंतर.

"तुम्ही मला एकांतात सांगू शकला असतात," म्हणाले. आवाज खरोखर थकलेला होता. "चारचौघांत माझी अब्रू घेतलीत."

"तुम्ही माझी एकांतात घेतली होती का सर?"

मग फोन बंद झाला.

आत्याही आली घरी. ताटात तांबूल, वर चांगला मोठा नारळ. सोफ्याच्या कडेला बसून म्हणाली, "तुझी सून मोठी हुशार आहे हो." अम्मा म्हणाली, "मला कां सांगतेस? तिला सांग." आत्यानं मला सांगितलं. मी ताट घेतलं, कुंकू लावून घेतलं, कॉफी केली. नारळाची चटणी त्या संध्याकाळी दोशाबरोबर खाल्ली, चांगली झाली होती. पण पुढच्या कोलूला मी तिच्याकडे गेले नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं विसर. ओंजळ ज्यांची रिकामी राहिली त्यांनी ते सांगितलं तर ऐकेन.

एक गोष्ट मात्र सलते. मेळाव्यानंतर कितीतरी जणांनी अभिनंदन केलं. काय पकडलंत, कसा सापळा लावलात, सिनेमात शोभेल. त्यांतल्या एकानंही विचारलं नाही, की त्या गावातल्या घराचं पुढं काय झालं, त्या मांडवाचं काय झालं. दहा मिनिटं ऐकून त्यांच्या लक्षात राहिला तो फक्त सरांचा घाम. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तेवढं जिन्यात थांबून विचारलं, "ते लोक आता कुठं जमतात?" मला माहीत नव्हतं. मी शोधलं. त्या बातमीवर नंतर कुणी काही लिहिलंच नव्हतं.

रविवारच्या बातम्या मी पुन्हा सुरू केल्या आहेत. आता आधी कुणाला पाठवत नाही. परवा रोग पसरवणारे डास कमी करणाऱ्या जंतूंवर बोलले, फाटकावरच्या कॅमेऱ्यावर पुन्हा बोलले, आणि एका वाक्यात ते गावही आणलं, अजून काही कळलं नाही म्हणून.

सर ग्रुपमध्ये आहेत. काही लिहीत नाहीत. पण कुणी ऐकलं ते फोन दाखवतो, आणि माझं प्रत्येक रेकॉर्डिंग ते ऐकतात, बहुतेक सगळ्यांच्या आधी. नवरा म्हणतो, काढून टाक त्यांना, आता ग्रुप तुझ्या हातात आहे. मी काढत नाही. त्यांनी ऐकावं, पूर्ण ऐकावं, आणि एक शब्दही कापता येऊ नये, हे मला हवं आहे. धर्माच्या बातमीशी आले की मी त्यांच्यासाठी थोडी सावकाश बोलते.